नस्ती वाचणारे न्यायालय

वर्धा शहराला लागून बोरगाव, सावंगी, सिंदी, पिपरी अशी ‘मेघे’ हे नाव मागे लावणारी गावे आहेत. यांपैकी बोरगाव मेघेसारख्या गावात सरकारचे काम करणारी माणसे कोणकोणती, याची यादी केली तर ती बरीच लांबते. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्या हाताखालचा कोतवाल, पोलीस पाटील, ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, अनुदानित खासगी शाळेतल्या बाई, डाकसेवक, अंगणवाडी सेविका. समजा, या सगळ्यांच्या हातात एकाच दिवशी नोकरीवर गदा आणणारा आदेश पडला. त्यांना दाद मागायला वेगवेगळ्या दारी जावे लागेल. तलाठी आणि पोलीस पाटील नागपूरला, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातील. सरकारी कचेऱ्यांत सगळे त्याला ‘मॅट’ म्हणतात. ग्रामसेवक आणि जिल्हा परिषदेचे गुरुजी यांना मॅटचे दार बंद आहे. ते जिल्हा परिषद सेवेचे, म्हणून शिस्तभंगाची शिक्षा झाली तर १९६४ च्या नियमांप्रमाणे खात्यातल्या खात्यात अपील आणि त्यापुढे थेट उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. खासगी शाळेतल्या बाई १९७७ च्या कायद्याखालच्या शाळा न्यायाधिकरणात जातील. डाकसेवकाला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, कारण खात्याबाहेरचा म्हणवला जाणारा हा टपाल कर्मचारीसुद्धा नागरी पदच धारण करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ठरवले. अंगणवाडी सेविकेला मात्र यांतले एकही न्यायाधिकरण नाही. तिचे पद नागरी पद नव्हे, असा निकाल कर्नाटकातून गेलेल्या प्रकरणात २००६ साली लागला.

ही दारे अशी का वाटली गेली, आणि त्यांतल्या मॅट नावाच्या दारामागे नेमके काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. कायद्याची पुस्तके न्यायालयाला अधिकार किती, मर्यादा कोणत्या हे सांगतात. तिथले काम दिवसभर कसे चालते, कोणता कागद कोणाच्या हातून कोणाकडे जातो, न्यायाच्या खुर्चीत बसलेला माणूस वाचताना कुठे थांबतो, हे ती सांगत नाहीत. ते पाहायला मानववंशशास्त्रज्ञाची नजर लागते. ही नजर प्रशासकीय न्यायालयावर सर्वांत चिकाटीने लावली ती फ्रान्सच्या ब्रुनो लातूर यांनी. पॅरिसच्या पाले-रॉयाल या जुन्या राजवाड्यात ‘कोंसेय देता’ बसते. नेपोलियनच्या काळात, १७९९ साली, स्थापन झालेली ही संस्था सरकारला सल्लाही देते आणि सरकारविरुद्धच्या तक्रारींचा शेवटचा निवाडाही करते. लातूर यांनी त्याआधी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत बसून विज्ञान कसे घडते हे टिपले होते. त्याच पद्धतीने त्यांनी या न्यायालयाच्या बैठका पाहिल्या आणि २००२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. न्यायाधीशांना ‘न्याय म्हणजे काय’ असे विचारत बसण्यापेक्षा त्यांनी नस्तीचा पाठलाग केला. तक्रारीचे पाकीट आत आले, त्यावर शिक्का पडला, उत्तरे जोडली गेली, जाडी वाढली, एका सदस्याने टिपण लिहिले, दुसऱ्याने ते तपासले, आणि मग कुठे ती नस्ती निकालासाठी पिकली. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ नवे काही सापडावे म्हणून अधीर असतो. इथला न्यायाधीश मुद्दाम थबकतो, उलटसुलट शंका घेतो, आणि त्या थबकण्यातूनच कायदा बाहेर पडतो, असे त्यांना दिसले.

मॅटमध्ये सदस्य आपसांत चर्चा करतात त्या खोलीत बाहेरच्याला प्रवेश नाही, त्यामुळे लातूर यांच्यासारखे आतले बोलणे आपल्याला ऐकता येणार नाही. पण सुनावणी उघड असते, रोजचे आदेश प्रसिद्ध होतात, निकालपत्रे वाचायला मिळतात. तेवढ्या सामग्रीवरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते, आणि या लेखात मला तीच मांडायची आहे. हे न्यायालय अर्जदार चांगला की वाईट, साहेब प्रामाणिक की लबाड, असला निवाडा सहसा करतच नाही. ज्या कागदांतून आदेश बाहेर पडला ते कागद ते वाचते आणि त्या कागदांचा निवाडा करते. वरवर ही पद्धत कोरडी, माणसाला बाजूला सारणारी वाटते. प्रत्यक्षात सत्तेच्या उतरंडीत खाली असलेल्या माणसाला मिळू शकणारे सर्वांत भरवशाचे संरक्षण याच कोरडेपणात आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे न्यायालय असे का, ते उमगत नाही. फ्रान्समध्ये सरकारविरुद्धचे खटले साध्या न्यायालयात चालत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी न्यायव्यवस्था आहे. इंग्लंडमध्ये हा विचार रुजला नाही. राजाच्या अधिकाऱ्यालाही सामान्य माणसाच्याच न्यायालयात उभे राहावे लागते याचा तिथल्या कायदेपंडितांना अभिमान होता, आणि डायसी यांनी १८८५ साली तो अभिमान ग्रंथरूपाने मांडला. आपण इंग्रजांची वहिवाट घेतली. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरांचे वाद उच्च न्यायालयांत साचत गेले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२३-अ आणला, त्याच्या आधारे १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय न्यायाधिकरण उभे राहिले आणि ८ जुलै १९९१ रोजी महाराष्ट्राचे. मुख्य पीठ मुंबईला, शिवाय नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, इथे खंडपीठे. वर्ध्यासह विदर्भातले जिल्हे नागपूरकडे. म्हणजे आपण फ्रान्सची कल्पना अर्धी घेतली: वेगळे न्यायालय केले, पण फक्त सरकारी नोकरासाठी. बोरगावच्या शेतकऱ्याला फेरफाराविरुद्ध तक्रार असेल तर त्याला उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी असा महसुली जिनाच चढावा लागतो. या अर्धवटपणाकडे पुढे परत यावे लागेल.

आता नस्तीच्या मागे जाऊ. आदेश हातात पडल्यावर तलाठ्याला लगेच नागपूर गाठता येत नाही. कायद्याच्या कलम २० प्रमाणे नियमांत अपिलाची सोय असेल तर आधी ते करावे लागते, आणि त्यावर काहीच निर्णय झाला नाही तर सहा महिने वाट पाहावी लागते. त्यानंतर कलम २१ ची एक वर्षाची मुदत चालू होते. इथे असंख्य सरकारी नोकर फसतात. आपल्याकडे विनंती अर्ज, मग स्मरणपत्र, मग दुसरे स्मरणपत्र अशी सवय आहे, आणि प्रत्येक स्मरणपत्राने मुदत पुढे सरकते असा समज आहे. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी राठोर यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की नियमात नसलेल्या अशा पुनःपुन्हा केलेल्या विनंत्यांनी मुदत वाढत नाही. म्हणजे नस्ती न्यायालयात पोचण्याआधीच तिचा निम्मा निकाल लागलेला असू शकतो: आदेशाची तारीख, तो मिळाल्याची तारीख, अपिलावर पडलेला आवक शिक्का. या तीन तारखा जुळल्या तर दार उघडते.

मूळ अर्ज दाखल झाला की नोटिसा निघतात. या पहिल्या आदेशाचे वाक्य न् वाक्य ठरलेले असते. प्रकरण दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच अंतिम निकालासाठी घेतले जाईल अशी प्रतिवादींना सूचना. मुदत आणि पर्यायी उपाय यांचे प्रश्न खुले ठेवल्याची नोंद. नोटीस हातोहात, स्पीड पोस्टाने किंवा कुरिअरने बजावून पोच शपथपत्रासह दाखल करण्याची परवानगी. विदर्भ-मराठवाड्याच्या पीठांत या हातोहात बजावणीला अजून ‘हमदस्त’ हा जुना शब्द चालतो. रोजनाम्याचा कागदही ठरावीक नमुन्याचा: डावीकडे कार्यालयाच्या नोंदी आणि हजेरीचा रकाना, उजवीकडे न्यायाधिकरणाचा आदेश. त्या दोन रकान्यांत प्रकरणाचा सारा जीव असतो. कोण हजर, कोण गैरहजर, उत्तरासाठी कितव्यांदा मुदत मागितली, हे डावीकडे आणि उजवीकडे मिळून इतके नेमके साठते की पुढे कोणी ‘आम्हाला संधीच मिळाली नाही’ म्हटले तर त्याच कागदावर बोट ठेवता येते.

दुसरीकडे वर्ध्यात काय होते? नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टपालात येते आणि आस्थापना शाखेकडे जाते. तिथे अर्जाच्या प्रत्येक परिच्छेदावर अभिप्राय लिहायचे काम सुरू होते. कचेरीच्या भाषेत ‘पॅरावाइज रिमार्क्स’. ते बहुधा ज्या टेबलावरून मूळ आदेशाचा मसुदा निघाला त्याच टेबलावर लिहिले जातात. मग ते शासनाच्या सादरकर्ता अधिकाऱ्याकडे जातात, त्यांचे शपथपत्र बनते, अर्जदार त्याला प्रत्युत्तर देतो. एरवी टिपणी लिहिताना कारकून साहेबांच्या मनात काय आहे ते ओळखून लिहितो. ‘परिच्छेद ७ बाबत अभिप्राय’ लिहिताना त्याला पहिल्यांदा आपल्याच कार्यालयाची नस्ती परक्या वाचकाच्या डोळ्यांनी वाचावी लागते. नियम कोणता लावला होता? वरिष्ठांची मान्यता कुठल्या तारखेची? आदेश आधीचा आणि मान्यता नंतरची तर नाही ना? निकाल लागायच्या कितीतरी आधी, या वाचनातच, पुष्कळदा कार्यालयाला कळून चुकते की आपली बाजू लंगडी आहे. न्यायालयाचा खरा प्रभाव मोजायचा तर निकालांच्या संख्येबरोबर हे वाचनही धरले पाहिजे.

सुनावणीच्या पद्धतीविषयी कायद्याचे कलम २२ फार बोलके आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता इथे बंधनकारक नाही. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनी चालायचे, आणि साधारणपणे कागदपत्रे व लेखी निवेदने वाचून, तोंडी युक्तिवाद ऐकून निकाल द्यायचा. साक्षीदाराचा पिंजरा, उलटतपासणी, रडणारे-चिडणारे नातेवाईक हे चित्र इथे नसते. महजराची जुनी पद्धत आठवली की हा फरक ठळक होतो. मराठी राज्यात गोतसभा बसे, जमलेली माणसे तोंडाने साक्ष देत आणि निवाड्याच्या कागदावर त्यांच्या निशाण्या पडत. तिथे कागद माणसांच्या मागून येई. इथे माणसे कागदाच्या मागून येतात. खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य अशी रचना असते. न्यायिक सदस्य कायद्याचा धागा पकडतो. प्रशासकीय सदस्याने उमेदीची वर्षे नस्त्या लिहिण्यात घालवलेली असतात. टिपणीतला कोणता परिच्छेद मागाहून घुसडला आहे, ‘चर्चेप्रमाणे’ या शेऱ्याआड काय दडते, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कागदालाच प्रमाण मानण्याच्या या रीतीचे मूळ मुंबईच्याच एका खटल्यात आहे. अंधेरीला सिनेमागृह बांधायची परवानगी गोर्धनदास भानजी यांना १९४७ साली पोलीस आयुक्तांनी दिली आणि काही आठवड्यांत ती रद्द झाल्याचे पत्र पाठवले. पत्रात म्हटले होते की सरकारच्या निर्देशावरून परवानगी रद्द केल्याचे कळवण्यात येत आहे. परवानगी रद्द करायचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. पुढे आयुक्तांच्या बाजूने सांगण्यात आले की निर्णय त्यांचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५१ मध्ये ते मानले नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांची भूमिका अशी, की सार्वजनिक अधिकारात काढलेल्या आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा; आदेश काढणाऱ्याच्या मनात काय होते हे त्याने नंतर सांगितलेले धरायचे नाही. १९७७ च्या अखेरीस मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेऊन तत्त्व पक्के केले: आदेशात जी कारणे नाहीत ती शपथपत्रातून मागाहून पुरवता येत नाहीत. मॅटमधले कितीतरी वाद या एका नियमावर फिरतात, कारण त्याने साहेबाचे नंतरचे स्पष्टीकरण बाद होते आणि तलाठी व जिल्हाधिकारी एका पातळीवर येतात. दोघांकडे तोच कागद, तेच शब्द.

बदल्यांत हे सर्वांत स्वच्छ दिसते. बदली हे सरकारी नोकराला वठणीवर आणायचे जुने हत्यार. २००५ चा बदल्यांचे विनियमन करणारा अधिनियम, जो अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या मागण्यांतून आला आणि १ जुलै २००६ पासून लागू झाला, त्याने हे हत्यार कागदाने बांधले. पदावर साधारण तीन वर्षांचा कालावधी; बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये; त्याआधी किंवा मधेच बदली करायची तर कलम ४ प्रमाणे विशेष कारणे लेखी नोंदवायची आणि वरच्या सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची. आता तक्रार आली की न्यायाधिकरण ‘या तलाठ्याला का हलवले’ असे मोघम विचारत बसत नाही. नस्ती मागवते आणि तीत कारण शोधते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच लिहिलेले असेल तर ते कारण होत नाही. लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र नस्तीला लावलेले असेल आणि त्यापलीकडे काही नसेल, तर तेच पत्र बदलीविरुद्धचा पुरावा होऊन बसते.

निवृत्तीच्या वेळच्या वसुल्या हे दुसरे उदाहरण, आणि ते अधिक करुण आहे. तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या लिपिकाचे सेवापुस्तक निवृत्तीपूर्वी वेतन पडताळणी पथकाकडे जाते. तिथे कळते की पंधरा वर्षांपूर्वी वेतननिश्चितीत चूक झाली होती आणि तेव्हापासून जादा पगार जात होता. चूक कार्यालयाची, वसुली लिपिकाच्या उपदानातून. डिसेंबर २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा वसुलीला आळा घातला: वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम जात राहिली असेल तर, वसुली करू नये. पुढे जुलै २०१६ मध्ये जगदेवसिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की वेतननिश्चिती स्वीकारताना जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिले असेल तर कर्मचारी त्याने बांधला जातो. तेव्हापासून वकिलांचे पहिले काम सेवापुस्तक चाळणे हे झाले आहे. हमीपत्र आहे का? कोणत्या तारखेचे? वेतनवाढीच्या वेळी घेतले, की निवृत्तीच्या तोंडावर पेन्शनची कागदपत्रे अडवून घेतले? त्या एका पानावर माणसाच्या म्हातारपणाची पुंजी अवलंबून असते. कागदाची शिस्त माणसाला तारते तशी मारतेही, हे नाकारण्यात अर्थ नाही.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो गंभीर आहे. कागदच प्रमाण असेल तर हुशार अन्यायी सुटतो. ज्याला सूड घ्यायचा आहे तो कारणे नीट लिहील, मान्यता वेळेवर घेईल, समितीची शिफारस जोडेल, आणि न्यायाधिकरण नस्ती वाचून ‘ठीक आहे’ म्हणेल. विभागीय चौकशीच्या शिक्षांत तर मर्यादा आणखी आवळलेली आहे. चतुर्वेदी प्रकरणापासून, म्हणजे १९९५ पासून, नियम असा की न्यायाधिकरणाने पुराव्याची फेरतपासणी करायची नाही. निर्णय कसा घेतला गेला एवढे पाहायचे, तो बरोबर की चूक हे नाही. आक्षेप खरा आहे. पण पर्याय काय, याचा विचार करावा लागतो. साहेबाच्या मनातला आकस सिद्ध करायचा तर साक्षीदार लागतात, आणि ते त्याच कार्यालयात, त्याच साहेबाच्या हाताखाली नोकरी करत असतात. कोण बोलेल? कागद मात्र घाबरत नाही. शिवाय खोटे कारण लिहून ठेवणे वाटते तितके सोपे नाही. एकदा लिहिले की ते इतर कागदांशी जुळावे लागते: गोपनीय अहवालाशी, तपासणी अहवालाशी, आवक-जावक नोंदींशी. कामात कुचराई म्हणून बदली केली आणि त्याच वर्षीचा गोपनीय अहवाल ‘उत्कृष्ट’ असेल, तर दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात. सगळा अन्याय या चाळणीत अडकत नाही. आळशी, उर्मट, बेफिकीर अन्याय मात्र अडकतो, आणि कचेऱ्यांतला बराचसा अन्याय त्याच जातीचा असतो.

दुसरा आक्षेप प्रशासकीय सदस्यावर. आयुष्यभर सरकारची चाकरी केलेला अधिकारी सरकारविरुद्ध न्याय कसा करणार? ही शंका फ्रान्समध्येही जुनी आहे, कारण तिथले सदस्य मधली काही वर्षे मंत्रालयांत काम करून पुन्हा न्यायालयात येतात. लातूर यांच्या निरीक्षणात हीच ये-जा त्या संस्थेची ताकदही ठरते: कारभार आतून ठाऊक असलेला माणूसच त्यातली फट ओळखतो. आपल्याकडे धोका अधिक आहे, कारण नेमणूक बहुधा निवृत्तीनंतरची असते आणि ती सरकारच्या हातून होते. म्हणून प्रशासकीय सदस्याशेजारी न्यायिक सदस्य हवाच, आणि दोन्ही जागा वेळेवर भरलेल्या हव्यात. जागा रिकाम्या ठेवणे हा न्यायाधिकरण न मोडता ते निकामी करण्याचा मार्ग आहे.

तिसरा आक्षेप १९९७ नंतरचा. १९८५ च्या कायद्याने उच्च न्यायालयाला या वादांतून बाहेर ठेवले होते. चंद्रकुमार निकालात १८ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे. न्यायाधिकरणाचा निकाल तिथल्या दोन न्यायाधीशांपुढे आव्हानित करता येईल. मग मधली पायरी हवीच कशाला? ओडिशाने २०१९ साली आपले न्यायाधिकरण बंद केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते वैध ठरवले. महाराष्ट्राने हा रस्ता धरू नये असे माझे मत आहे. उच्च न्यायालयापुढे नस्ती जाते तेव्हा ती मॅटमध्ये एकदा पूर्ण वाचली गेलेली असते: तारखा लागलेल्या, नियम शोधलेला, सरकारचे म्हणणे शपथेवर घेतलेले. पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय आधी मॅटमध्येच तपासला गेला आणि मग ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, राज्यभरच्या नोकरवर्गाला स्पर्श करणारा वाद उच्च न्यायालयापुढे तपशिलानिशी मांडलेला आला, हा या मधल्या वाचनाचा उपयोग. किंमतही आहे: हरलेला पक्ष, आणि तो अनेकदा सरकार असतो, प्रत्येक पायरीवर वेळ खातो. त्यावर उपाय सरकारने प्रत्येक निकालाला आव्हान देण्याची सवय सोडणे हा आहे. नस्त्या जाणणारे न्यायालय मोडणे हा नव्हे.

आता तो राहिलेला अर्धवटपणा. नस्ती वाचून न्याय करणारे हे न्यायालय चांगले असेल, तर बोरगावात ज्यांना ते मिळत नाही त्यांचे काय? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देण्याचे बंधन सर्वच सार्वजनिक प्राधिकरणांवर घातले आहे, त्यामुळे कागद मागण्याचा हक्क ग्रामसेवकाला आहे, अंगणवाडी सेविकेला आहे, शेतकऱ्यालाही आहे. प्रतिकूल आदेश आला तर तो लेखी घ्या, मिळाल्याची तारीख त्यावर टाका, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच ठेवा आणि कारण लिहिलेले नसेल तर ते लेखी मागा. पुढे कोणत्याही न्यायालयात गेलात तरी हेच उपयोगी पडेल. पण कागद हातात असूनही तो वाचणारे जवळचे, स्वस्त, जाणकार न्यायालय नसेल तर तो हक्क लुळा पडतो. ग्रामसेवकाला आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींना त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि तलाठ्याला मात्र मॅट मिळते. दोघे एकाच गावात, बऱ्याचदा शेजारशेजारच्या खोल्यांत काम करतात. अंगणवाडी सेविकेचा प्रश्न तिच्या पदाच्या दर्जाशी बांधलेला असल्याने त्याला मोठा निर्णय लागेल. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे तसे नाही. १९८५ च्या कायद्याच्या कलम १५ च्या पोटकलम २ प्रमाणे राज्य सरकार स्थानिक प्राधिकरणांना न्यायाधिकरणाच्या कक्षेत आणू शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही; एक अधिसूचना लागते, आणि ती महाराष्ट्र शासनाने काढली पाहिजे.